सोबत्याचा थोरला भाऊ

मंगळवारी माझा सोबती मुलगी बघायला गेला. परत येताना चौफुल्याच्या अलीकडे त्याच्या मोटारसायकलला ट्रकने धडक दिली आणि तो जागीच गेला. मला ते बुधवारी कळले. तोवर घरच्यांनी त्याला जाळले होते.

मुलगी बघायला तो आपण होऊन गेला नव्हता. त्याच्या थोरल्या भावाने त्याला बोलावून घेतले होते. ट्रकवाल्याचे तोंडही मी पाहिलेले नाही, त्याच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. थोरल्याविषयी म्हणायचे आहे.

मी तेव्हा शिरूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. तो दौंडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मशीन दुरुस्त करायचा आणि स्टेशनमागे भाड्याच्या खोलीत राहायचा. गाव केडगावच्या बाजूला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरायचो आणि रविवारी संध्याकाळी परतायचो. कुणाला त्यात वावगे वाटत नसे. खोलीमालक तर खूश होता, भाडेकरूकडे शाळामास्तर येतो म्हणून. सोबती मला चारचौघांत 'अहो मास्तर' म्हणायचा, दार लावले की 'ए मास्तर'.

खोलीत सुट्या भागांतून जोडलेला एक कॉम्प्युटर होता आणि त्यावर एक जुना परदेशी गेम. त्यात आपण बाई किंवा बाप्या व्हायचे आणि चार सोबती घेऊन रानोमाळ हिंडायचे. लढाया कमी, बोलणे फार. सोबती काही बोलला की खाली आपल्यासाठी तीन-चार उत्तरे येतात, त्यातले एक निवडायचे. या सोबत्यांत एक भालेवाला होता, गाव सोडून आलेला, कमी बोलणारा. आपण बाई झालो तर तो हळूहळू प्रेमात पडायचा. बाप्या झालो तर शेकोटीतली लाकडे उगीच हलवून एवढेच म्हणायचा की झोप, उद्या लवकर निघायचे आहे.

"ह्याला काय तरी सांगायचंय," पडद्याकडे बोट करून माझा सोबती म्हणायचा. "पण आपल्याला इचारायला बटनच दिलं न्हाई."

ते बटण आम्हीच करायला घेतले. अशा गेमला खेळणारे लोक स्वतःची भर घालू शकतात. त्या भरीला मॉड म्हणतात. कोड तो लिहायचा, संवाद मी. आठवडाभर शिरूरला लिहून मी शनिवारी सीडी घेऊन जायचो. इंग्रजी करण्याआधी आम्ही सगळे मराठीत बोलून बघायचो. मी नायक, तो भालेवाला, भिंतीला पाठ लावून बसलेला.

"आजवर कुणी इचारलंच न्हाई," तो एकदा म्हणाला. "मग मी तरी कशाला बोलू?"

हे भालेवाल्याचे की तुझे, असे मी विचारले. "लिही गप," तो म्हणाला. ते वाक्य मी तसेच घेतले.

नेटवर त्या गेमच्या चाहत्यांचा एक फोरम होता. तिथे थोडा भाग दाखवला तर शिव्या पडल्या. तुम्हाला असला माणूस हवा तर नवा बनवा, हा आमच्या ओळखीचा आहे, हा तसला नाही, असे लोकांनी लिहिले. सायबर कॅफेत माझ्या शेजारी बसून त्याने उत्तर सांगितले आणि मी ते टाइप केले. भालेवाल्याच्या तोंडची एकही जुनी ओळ आम्ही बदललेली नाही. आम्ही फक्त विचारले.

एका रविवारी थोरला ज्वारी घेऊन आला. दार उघडेच होते आणि पडद्यावर शेकोटीचा प्रसंग चालू होता. इंग्रजी त्याला येत नव्हते.

"ह्यो काय म्हणतोय?"

"म्हणतोय, ह्यो माणूस मला आवडतो."

"कोण माणूस? बाई कुठाय?"

"बाई न्हाई, दादा. ह्यो."

थोरला हसला. "येडीच हायती की ही लोकं." मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि कोपऱ्यातल्या एकुलत्या एका अंथरुणाकडे पाहिले. पोते टेकवून, चहा न घेता तो गेला. महिन्याच्या आत त्याने मुलगी शोधली.

"जाऊन येतो नुसता," तो मला म्हणाला. "दादानं शिकवलंय मला. तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई, मास्तर."

दहाव्याला मी नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. आमच्याकडे अशा वेळी घरचे एकेक जण पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात, तुझे राहिलेले आम्ही करू म्हणून. त्याच्या आईने शब्द दिला, चुलत्याने दिला. कावळे बाभळीवर बसूनच होते. माझा त्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी पुढे झालो, कारण त्याच्याशी लोकांदेखत घरच्यासारखे बोलायची ती एकच वेळ होती. थोरला आडवा आला.

"मास्तर, तुम्ही मागं व्हा. हितं घरची माणसं बोलत्यात." आणि मग हळू, फक्त मला ऐकू जाईल असे, "आमचा तसला नव्हता. तुम्ही बिघडवला."

मी मागे झालो. ऊन चढल्यावर त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला गेले.

कॉम्प्युटर थोरल्याने विकला. शेवटची सीडी माझ्याकडे होती. मी त्याचा कोड वाचत वाचत कोड शिकलो आणि मॉड पुरा केला. प्रेमाचा भाग जवळजवळ झालेलाच होता. मी लिहिले ते दुसरेच.

मूळ गेममध्ये भालेवाला एकदाच, एका वाक्यात सांगतो की गावी त्याचा भाऊ आहे. त्या भावाला मी घर दिले, अंगणात विहीर दिली, आवाज दिला. नदीवर ऐकलेली वाक्ये इंग्रजी करून त्याच्या तोंडी घातली. पण या कामाची रीत अशी की समोरचा बोलला की खेळणाऱ्याला उत्तरे द्यावीच लागतात, नाहीतर गेम तिथेच अडकतो. नदीवर मला एकही उत्तर सुचले नव्हते. 'मागं व्हा'साठी मी चार लिहिली आणि चारही इतकी घासली की मे महिन्याची सुट्टी त्यातच गेली. कुठलेही निवडा, शेवटी तलवारच निघते. मारायचे बटण दिले की सोडायचेही द्यायचे, असे कोड लिहिताना माझा सोबती नेहमी सांगायचा, नाहीतर तो खेळ राहत नाही. मी सोडायचे दिले नाही.

अडचण एकच आली. भालेवाला आपल्या सोबतच असतो. त्याच्यादेखत त्याच्या भावावर तलवार उपसली तर तो काय म्हणेल, हे लिहिणे भाग होते. काय म्हणेल ते मला पक्के माहीत होते. तो मधे उभा राहिला असता. "दादाला न्हाई, मास्तर."

म्हणून घरात शिरायच्या आधी मी त्याला विहिरीवर पाणी आणायला पाठवले. तो पाणी घेऊन येतो तेव्हा सगळे उरकलेले असते आणि गेम पुढच्या गावी जातो.

मॉड लोकांना आवडला. शेकोटीच्या प्रसंगावर शिव्या देणारे थोडे उरले होते, तेही थकले. नव्या तक्रारी आल्या त्या विहिरीवरून. संपूर्ण गेमभर जो आपली बाजू सोडत नाही, तो नेमका तेव्हाच पाण्याला कसा जातो? त्याने आपल्याला अडवले असते. हा तो नाहीच. आणि भावाला सोडून द्यायची सोय का नाही?

या वेळी लोकांचे बरोबर होते. प्रेम लिहिताना आम्ही त्याला तसूभर बदलले नव्हते. विहिरीवर तो माझ्या सोयीने गेला. मी उत्तर दिले नाही आणि ओळही बदलली नाही.

थोरला चौफुल्याच्या स्टँडवर कधी कधी भेटतो. केस पिकले आहेत. "काय मास्तर, बरं हाय का?" म्हणतो. मी बरं आहे म्हणतो. आपण गेममध्ये आहोत, किती देशांतल्या माणसांनी आपल्याला त्या घरात मारले, हे त्याला माहीत नाही. मी सांगितलेले नाही. सांगितले आणि त्याने माफी मागितली तर काय करायचे, हे मला ठरवायचे नाही.

मॉड अजून नेटवर आहे. थोरला जिवंत आहे. मी शिरूरलाच असतो, आणि माझा राग गेलेला नाही.