बाईंना उलट बोलायचं नसतं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखात्यात तिला सगळ्या घडीताई म्हणायच्या. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोन कोपरे समोरची धरणार, दोन ही, आणि तीन झटक्यांत अशी घडी पडायची की पट्टी लावून बघावी. हात असा चलाख, पण तोंड? तोंडाला कुलूप. सुपरवायझरने दुसरीची चूक हिच्या माथी मारली तरी ही मान डोलावून मोकळी. नवरा फरशा बसवायचा, तोही तसाच. बारा वर्षांपूर्वी पाच वर्षांची पोर कडेवर घेऊन दोघं या देशात आले, ते मोठ्यांपुढे मान खाली घालायची सवय सोबत घेऊनच.

पोरगी मात्र भलतीच तल्लख. इथली भाषा तिने वर्षभरात गिळली आणि तेव्हापासून घराचा कारभार तिच्याच जिभेवर चालला. घरमालक असो, दवाखाना असो, विजेचं ऑफिस असो, मोठ्या माणसांच्या मधे ही एवढीशी उभी. इकडचा शब्द तिकडे करायची नाही. एकदा डॉक्टर आईबद्दल म्हणाले, "फार सुटल्यात." पोरीने तेही जसंच्या तसं आईला ऐकवलं. घडीताई त्यावर आठवडाभर फुगून बसली होती.

ही पोर दहा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. या देशात त्या वयात मुलांची वाटणी होते. काही मोठ्या शाळेत जातात, तिथून पुढे विद्यापीठ. बाकीची छोट्या शाळेत, तिथून कामधंदा. कोण कुठे जाणार ते वर्गाच्या बाई लिहितात आणि आईबापांना बोलावून विचारतात. बाईंनी छोटी शाळा लिहिली होती. "तुमचं काही म्हणणं आहे का?" त्यांनी विचारलं, आणि पोरीने ते आईबापांना सांगितलं.

बापाने टोपी या हातातून त्या हातात घेतली. आई हसून म्हणाली, "तुम्ही सांगाल ते बरोबर, बाई. पोरगी तुमचीच समजा."

आता हे वाक्य तिच्या मुलखात साधं नाही. तिकडे मास्तरांना असं म्हटलं की मास्तर बांधला जातो. परक्याची पोर पदरात टाकली म्हणून तो तिच्यासाठी जिवाचं रान करतो. उलट बोललं तर त्याचा अपमान. घडीताईला वाटलं, आपण पोरीचं भलं करून आलो. बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" हिने पुन्हा मान डोलावली, वर आभार मानले. दोघांनी सह्या केल्या आणि हसतमुखाने घरी आले. वेडेच की नाही!

सात वर्षं गेली. पोरगी छोट्या शाळेत पहिली आली. तिला औषधांचं शिकायचं होतं, स्वतः औषधं तयार करण्याचं. ती आईला घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी गेली. कारकुनाने दाखला पाहिला आणि परत सरकवला. छोट्या शाळेचा दाखला इथे चालत नाही. शाळा बदलता आली असती, पण चौदाव्या वर्षापर्यंत, आणि आईवडिलांनी हरकत घेतली असती तर. "कधी घेतलीच नाही का?" त्याने विचारलं. एकच वाट उरली होती. तेव्हाच्या बाईंनी लिहून द्यायचं की आपली शिफारस चुकली. तेही शुक्रवारच्या आत.

बुधवारी घडीताईने अर्धी रजा टाकली आणि मायलेकी बाईंच्या घरी गेल्या. बाई आता निवृत्त होत्या. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना सगळं आठवत होतं. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि पोरीकडे बघून बोलायला लागल्या.

"मी बऱ्याच जणांना आधी छोटीच शाळा लिहायचे. दुसऱ्या दिवशी आईबाप तणतणत यायचे, मग मी बदलून द्यायचे. घरचे भांडणारे असले की मूल मोठ्या शाळेत टिकतं, असा माझा अनुभव. मी तुझ्या आईची वाट बघितली. दोनदा विचारलंही. तिने आभार मानले! मला वाटलं, यांना पोरीला लवकर कामाला लावायचंय. आता कसं लिहून देऊ? तेव्हा मला तेच योग्य वाटलं होतं."

पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

पोरगी आईकडे वळली. "नियम बदललेत, म्हणाल्या. त्यांच्या हातात काही नाही. तुझी काही चूक नव्हती, म्हणाल्या."

घडीताईला शब्दन् शब्द कळला होता. गेली सात वर्षं रोलरपाशी बायकांची उणीदुणी ऐकता ऐकता ही भाषा तिच्या कानात मुरली होती. त्या मीटिंगच्या वेळी तिला चार शब्दही येत नव्हते, आता सगळं समजत होतं. घरात तिने ते कधी सांगितलं नाही, कारण आईला काही कळत नाही यावर पोरीचा घरातला तोरा चालायचा आणि आईला तो तोरा आवडायचा.

त्याच खुर्चीवर ऊर बडवून घ्यावा असं तिला वाटलं. भांडायचं होतं, एवढंच करायचं होतं, आणि तिने आभार मानले होते! पण शेजारी पोरगी डोळे कोरडे ठेवायची धडपड करत बसली होती. आजवर कधी कुणाचा शब्द न बदलणाऱ्या पोरीने आज आईसाठी सगळंच्या सगळं बदललं होतं. ते खोटं मोडायची आईची छाती झाली नाही.

"हो का," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. "बाईंना सांग, उगाच त्रास दिला म्हणावं."