किती बिघडवू?

घर सोडून जाणारा प्रत्येक संगीतकार आपल्या गावाचा मूळ स्वर छातीत घेऊन निघतो. हे वाक्य माझंच आहे आणि युरोपातल्या निदान तीन कार्यक्रमांच्या पत्रिकांत ते छापून आलेलं आहे. प्रत्यक्षात मी डोंबिवली पूर्वेहून निघाले तेव्हा जो स्वर बरोबर आला, तो टॅक्सीच्या रिव्हर्स हॉर्नचा होता. सोसायटीच्या अरुंद गेटातून गाडी मागे घेताना ड्रायव्हरने कुठलीशी आरती वाजवत ठेवलेली. आई खिडकीतून हात घालून गोड्या मसाल्याची पुडी माझ्या पर्समध्ये कोंबत होती. बाबा दोन पावलं मागे, मान तिरकी करून उभे. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी लपवतायत. ते पुढे आले आणि म्हणाले, "नीट जा. आणि त्याला सांग, तुझा गंधार उतरलाय."

मी ड्रायव्हरला काही सांगितलं नाही. हमरस्त्याला लागेपर्यंत मात्र मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

बाबा पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. हे खरं तर परदेशात गेलेल्यांच्या मुलांसाठी सांगतेय, इथे राहिलेल्यांना सांगायची गरज नाही. ठाण्यातली नोकरी कारखान्यासकट गेली, तेव्हा त्यांनी गॅलरीला खिडक्या लावून घेतल्या, पाट टाकला आणि छंदाचा धंदा केला. पेटीच्या आत पितळी रीड असतात, बोटाच्या पेराएवढ्या. टोकाला कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. प्रत्येक पट्टीखाली दोन रीड एकत्र वाजतात. ते जवळजवळ एका सुरात असतील, पण अगदी एका नसतील, तर आवाजात लाट उठते. वां-वां-वां. सूर जुळत जातो तशी ती लाट मंदावते आणि शेवटी थांबते. ती थांबली की काम झालं. मी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून हेच ऐकायचे: रोज संध्याकाळी कोणती ना कोणती लाट मरत असायची.

नेदरलँड्समध्ये मी कंपोझिशन शिकायला गेले. गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात थंडीने माझी पेटी बिघडली. वर्गात बसून ती जुळवत होते, तर आमचे प्राध्यापक दारात थांबले आणि म्हणाले, "थांब. इथेच ठेव. आता पुढे जाऊ नकोस." लाट अजून मेली नव्हती, सेकंदाला एक, अशी संथ चालली होती. अर्धवट काम तसंच सोड, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं, आणि त्यावर माझी पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली.

एकोणीस वर्षं मी त्या लाटांसाठी लिहितेय. चर्चमध्ये, बंद पडलेल्या गोदामात, एकदा रिकाम्या पोहण्याच्या तलावात. पहिल्या कार्यक्रमाला अकरा श्रोते होते, त्यातला एक गॅस हीटर बघायला आलेला. पुढे बरं चाललं. अनुदानाच्या अर्जात मी भात्याला 'श्वास घेणारं स्थलांतरित फुप्फुस' म्हणायला शिकले. असं लिहिलं की समित्या माना डोलावतात. त्यांना बिचाऱ्यांना भात्यातल्या फटी बुजवायच्या नसतात.

बाबांनी मात्र यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग पाठवायचे आणि दर रविवारी फोनवर तेच उत्तर यायचं: "अगं, फोनच्या स्पीकरवर सूर कळतो होय? समोर ऐकलं पाहिजे." पहिली काही वर्षं मी हे खरं मानलं. नंतर कळलं की ही सवलत आहे, त्यांना आणि मलाही. समोर ऐकून ते काय म्हणतील, हे कळण्याची वेळच येत नव्हती.

ती गेल्या हिवाळ्यात आली. ठाण्यात एका छोट्या सभागृहात माझी चार पेट्यांची रचना ठरली. वाजवणारे चौघे: मी आणि कल्याणचे तीन वादक. पेट्या बाबांनी जमवल्या, तीन त्यांच्या गिऱ्हाइकांच्या. एक विठ्ठलवाडीच्या देवळातली, एक टिटवाळ्याच्या गाण्याच्या क्लासमधली, एक कोपरीच्या भजनी मंडळाची आणि चौथी घरची. कोपरीचे बुवा पेटी रिक्षात ठेवताना मला म्हणाले, "ताई, तुमचा परदेशी कार्यक्रम करा मस्तपैकी. पण शुक्रवारी पेटी पायजे हां."

रचनेची गंमत एवढीच की घरची पेटी सरळ सुरात आणि बाकी तिघी किंचित बिघडलेल्या. एकीत सेकंदाला एक लाट, दुसरीत दोन, तिसरीत तीन. तीन पेट्यांत मिळून पंधरा रीड. बाबा दोन दिवस कल्याणला कामाला जात होते, तेव्हा मी त्यांच्याच पाटावर बसून, त्यांच्याच कानशीने, फोनवरचं ट्यूनर बघत ते पंधरा रीड बिघडवले. कार्यक्रम झाला की पुन्हा जुळवून देईन, असं ठरवलेलं. बाबांना सांगितलं नाही. अनोळखी समित्यांना तीन पानांत पटवते ते बाबांना एका वाक्यात सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, समोर बसून ऐकतील तेव्हा कळेलच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एका सांस्कृतिक संस्थेने माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, एक काचेचं मानचिन्ह ज्यावर माझं आडनाव चुकलेलं. अध्यक्ष पाऊण तास बोलले. डोंबिवलीच्या कन्येने सातासमुद्रापार झेंडा रोवला, तिच्या कानाला अवघ्या युरोपने मुजरा केला, वगैरे. आई पहिल्या रांगेत होती. बाबा आले नव्हते. "माझं जरा काम आहे," म्हणाले होते.

दुपारी चारला सभागृहात आम्ही चौघांनी पहिला स्वर धरला. लाट नाही. पुन्हा धरला. चारही पेट्या एका सुरात, इतक्या स्वच्छ की चार आहेत हेही कळू नये. माझी बावीस मिनिटांची रचना, सहा वर्षांचं काम, एका सरळ रेषेसारखी समोर पडली होती. अडीच तासांनी लोक येणार होते.

मेकअप रूममध्ये बाबा थर्मासमधला चहा पीत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर समाधान.

"बाबा, पेट्यांना हात लावलात?"

"लावला." मग आवाज खाली आणून, "अगं, लोकांत कशाला शोभा? होतं असं. तिकडचं ऐकून ऐकून कान जातो माणसाचा. मी कोणाला बोललो नाही. आईलासुद्धा नाही."

"मला सकाळीच सांगितलंय," आई शेजारून म्हणाली.

म्हणजे तिकडे व्यासपीठावर माझ्या कानाला मुजरे घडत होते, तेव्हा इकडे गॅलरीत बाबा त्या कानाची चूक निस्तरत होते. मुलीचा कान गेला, हे त्यांनी कालपासून एकट्याने पोटात ठेवलेलं (आई सोडून). रागवायचं तरी कसं? मी खाली बसले आणि एकोणीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. फुप्फुस वगैरे गाळून. म्हटलं, बाबा, ती लाट मला हवी असते. ती चूक नाही, तेच गाणं आहे.

बाबांनी कप खाली ठेवला. "जी लहर मारण्यात माझी तीस वर्षं गेली, ती तू लोकांना बोलावून ऐकवणार?"

"हो."

"आणि लोक येतात?"

"तिकडे येतात. इथलं माहीत नाही."

आई म्हणाली, "अहो, पोरीला कार्यक्रम करायचाय. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच नीट करा."

"मी बिघडवलंय?" बाबा म्हणाले. पण पिशवी ओढली, कानस काढली, चष्मा लावला. टिटवाळ्याची पेटी आत आणवून पुढ्यात घेतली, झाकण उघडलं, आणि मग असं काही विचारलं जे त्यांनी जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला विचारलं नसेल.

"किती बिघडवू?"

मी सांगितलं: हिच्यात एक, विठ्ठलवाडीच्या पेटीत दोन, कोपरीच्या पेटीत तीन. मी फोन पुढे केला तर म्हणाले, "ठेव तो." भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत, भाता हलवत, ते ओठांतल्या ओठांत मोजत राहिले. पंधरा रीड सव्वा तासात झाले. मला दोन दिवस लागले होते.

कार्यक्रमाला साठेक माणसं आली. मध्येच सात-आठ उठून गेली, हे प्रमाण युरोपसारखंच आहे. बाबा तिसऱ्या रांगेत, मान तिरकी करून. टॅक्सीजवळ होते तसे. मला वाजवताना दुसरं काही दिसत नव्हतं.

संपल्यावर लोक भेटायला आले. कोणी वैश्विक म्हणालं, कोणी आध्यात्मिक. बाबा सगळ्यांत शेवटी आले.

"विठ्ठलवाडीची पेटी शेवटी शेवटी सव्वादोन झाली होती. वाजवणारा भाता फार जोरात मारतो. दोन सांगितलं होतंस ना?"

दोनच सांगितलं होतं. म्हणजे बावीस मिनिटं ते मोजत होते.

माझ्याबद्दल तिकडे बरंच छापून आलंय. पण माझी रचना कुठे पाव लाटेने चुकली, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी जे निघून गेलेत ते विचारतात, घर आता नक्की कुठलं? मी पुढच्या पत्रिकेसाठी एक वाक्य तयार ठेवलंय: जिथे तुम्हाला दुरुस्त करायच्या आधी आणि बिघडवायच्या आधी, किती ते विचारतात, ते घर. वाक्य बरं आहे, समितीला आवडेल.

दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. गॅलरीत बाबांनी मला न विचारताच तिन्ही पेट्या पुन्हा सुरात आणून ठेवल्या होत्या. शुक्रवारी कोपरीला भजन होतं.