काकांची ओबी व्हॅन आणि काकूचं मत

माणूस रिटायर झाला की बाग करतो, नाहीतर बायकोच्या कामात नाक खुपसतो. माझ्या काकांनी भंगारातून ट्रक आणला. साधा ट्रकही नव्हे, टीव्हीवाल्यांची ओबी व्हॅन. सामना चालू असताना मैदानाबाहेर एक लांबलचक गाडी उभी असायची, सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं आधी तिच्या पोटात यायची आणि मग घरोघरी जायची, ती. काकांनी त्याच गाडीत सव्वीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली होती. भंगारवाल्याकडे त्यांनी तिला दारावरच्या पोच्यावरून ओळखलं. "हा मीच पाडला होता," असं ते आजही छाती फुगवून सांगतात.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली आणि तीन मोटारींची जागा अडवून बसली. पुढची दोन वर्षं काका तिच्यातच राहायला गेले म्हटलं तरी चालेल. गंज खरवडला, उंदरांनी कुरतडलेली वायर न वायर बदलली, तीनपैकी दोन कॅमेरे जिवंत केले. सर्किट बोर्ड तर भांड्यांच्या साबणाने धुऊन काकूच्या ओव्हनमध्ये वाळवले. त्यानंतरच्या केकला असा काही वास आला की काकूने तो अख्खा केक काकांना एकट्याने संपवायला लावला. मी शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहते, मला सगळं भिंतीतून ऐकू येतं.

"अहो, घर इकडे आहे!"

"अगं, पाचच मिनिटं."

काकांच्या पाच मिनिटांत लोकांची लग्नं जमून मोडतात.

शेवटी सेक्रेटरींनी गाडीचा विषय सोसायटीच्या सभेत घेतला. ठेवायची की काढायची, एका ब्लॉकला एक मत. दुसरीकडे जागा मिळेना. काढायची म्हणजे परत भंगारात, आणि तिथे या वेळी तिचे तुकडे होणार हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. एवढा जीव लावायला लोखंडच सापडलं का?

काकांनी दारोदार फिरून मतं मागितली. फक्त स्वतःच्या घरात मागायची हिंमत झाली नाही. ब्लॉक काकूच्या नावावर होता आणि "एकदाचं घेऊन जा ते धूड" हे काकूचं दूधवाल्यालासुद्धा ऐकवून झालं होतं.

मग काकांना युक्ती सुचली. सोसायटीच्या हॉलमध्ये अर्धेच लोक मावतात, बाकीचे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून कान टवकारतात. सभा गाडीतून दाखवू, एक पडदा हॉलमध्ये, एक बाहेर. आपण पडद्यावर दिसणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशीच केस कापून घेतले.

काकांच्या जुन्या डायरेक्टरबाई पंचाहत्तरीच्या, पण निरोप मिळताच काठी टेकत आल्या आणि गाडीतल्या आपल्या खुर्चीत बसल्या. अडलं ते कॅमेऱ्यामागे कोण उभं राहणार यावर. जुन्या लोकांपैकी एकाचे गुडघे गेलेले, दुसरा स्वतःच गेलेला. "आता माझ्याच गळ्यात येणार," म्हणत काकू तयार झाली. दोन नंबरचा कॅमेरा तिच्याकडे, गाडीशी बोलायला कानावर हेडफोन आणि तोंडापुढे माइक. एक नंबर माणसाविना, भाषणाच्या जागेवर रोखून घट्ट बसवलेला.

रविवारी सकाळी सभा सुरू झाली. मी गाडीत काकांच्या शेजारी. चित्र आलं, स्वच्छ आलं. काका पडद्याकडे असे बघत होते जसा बाप पहिल्यांदा पाळण्यात बघतो.

"दोन नंबर, खिडकीपाशी पेंगणारे गृहस्थ मिळतील?" बाईंनी माइकवर विचारलं. काकूचं चित्र दोनदा वर-खाली झालं आणि पेंगणारे गृहस्थ हजर.

"हे काय केलं तिने?" मी विचारलं.

"हो म्हणाली. कॅमेऱ्यामागचा माणूस काम चालू असताना बोलत नाही. वर-खाली म्हणजे हो, आडवा हलवला की नाही. मीच शिकवलं परवा."

सेक्रेटरी पांढराशुभ्र शर्ट घालून, एक हात वर करून, तब्बल चाळीस मिनिटं गाडीविरुद्ध बोलले. मग आमच्या बाजूचे दातांचे डॉक्टर उभे राहिले आणि पडद्यावर हलकल्लोळ झाला. डॉक्टर बोलताहेत आणि त्यांच्या अंगावर, हात वर करून, फिकट सेक्रेटरी तसेच उभे!

काकांनी कपाळावर हात मारला. जुन्या कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्या एकाच उजळ गोष्टीकडे बघत राहिल्या की ती गोष्ट त्यांच्यावर उमटून बसते. दर दोन मिनिटांनी कॅमेरा जरा हलवायचा असतो. हे शिकाऊ माणसालाही माहीत असतं, आणि काका चित्राच्या कौतुकात विसरले.

"मी खाली बसलो तरी हे मला दाखवतंय," सेक्रेटरी ओरडले. "हेच ते दुरुस्त झालेलं यंत्र!" हॉल हसून लोटपोट. काकांचा चेहरा पडला.

मतं सुरू झाली. प्रश्न एकच, गाडी राहू द्यायची का? अठरा ब्लॉक झाले आणि नऊ-नऊ अशी बरोबरी. एकोणिसावा, शेवटचा, काकूचा.

"मालकीणबाई, तुमचं काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

काकू गप्प. दोन्ही हात कॅमेऱ्यावर. पडद्यावर सेक्रेटरींचा मोठ्ठा चेहरा होता. तो हळूच खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"हो म्हणाली!" काका किंचाळले आणि चपला न घालताच, तेच ओरडत हॉलकडे धावले.

"असं हलवून मत देता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"हो म्हटलं ना!" आता काकू तोंडाने बोलली. "लिहा एकोणीस, हो!"

काका धापा टाकत तिच्यापाशी पोचले. तिच्या तोंडापुढचा माइक चालूच होता, त्यामुळे गाडीत आम्हाला सगळं ऐकू आलं.

"अगं, तुला तर ती डोळ्यांसमोर नको होती."

"अजूनही नकोच आहे." मग ती म्हणाली, "तुम्ही सामन्याला गेलात की मी टीव्ही लावून बसायचे. खेळातलं मला काय कळतंय? पण चित्र नीट येतंय ना, म्हणजे तुम्ही ठीक आहात, एवढं कळायचं. चित्र गेलं की माझं हातातलं काम थांबायचं. सव्वीस वर्षं तेवढाच तुमचा निरोप यायचा मला. त्या गाडीचे तुकडे करा, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

डायरेक्टरबाईंनी आवाजाचं बटण खाली केलं. "हे आपल्यासाठी नव्हतं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे रुमाल मागितला.