मंगळवारची कोंबडी

लेबर कॅम्पात किस्से का साचतात? टीव्ही एक, रिमोट हरवलेला, आणि संशय घ्यायला माणसं भरपूर! सौदीतल्या रास तनुऱ्याजवळच्या आमच्या कॅम्पात मी मेसचा आचारी. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून लोकांना छळतोय.

तर आमच्याकडे मारिसोल मॅडम आल्या. आईबाप मेक्सिकोचे, जन्म अमेरिकेतला, हिंदी दिल्लीत शिकलेली. तिकडच्या लॅटिनो मजुरांवर रिसर्च झाला, आता आमच्यावर. काहींच्या वाट्याला कमी का येतं, सरकारने कायदे कसे करावेत, असलं काहीतरी.

कॅम्पाचं एकमत झालं. बाई कंपनीची हेर!

*

आमच्याकडे एक खूण आहे. वरून साहेब तपासणीला येणार असले की मेसमध्ये कोंबडी आणि माणशी एक सफरचंद. एरवी कोंबडी फक्त शुक्रवारी. आडवारी दिसली की तोंडं बंद!

मॅडम आल्या त्या दिवशी डाळ होती. फिटर सावंत ताटाकडे बघत म्हणाला, "काका, डाळ? मग ही बाई कोणाची?"

मी म्हणालो, "डाळ मुद्दाम ठेवलीय. म्हणजे हेर पक्की!"

त्यानंतर तो माझ्याशीही जपूनच बोलायला लागला.

*

मॅडमनी वेल्डर मोरेला विचारलं, "कमरा कैसा है?"

"सब ठीक है."

"पगार टाइम पे?"

"सब ठीक है."

"आपका नाम?"

"वो भी ठीक है!"

*

शेवटी मीच चहा देताना हिंदीत विचारलं, "मॅडम, खरं सांगा, कोणी पाठवलं?"

त्या हसल्या. "माझी आई बागेत संत्री तोडायची. कोणी बाई प्रश्न विचारायला आली की आई सगळ्यांना सांगायची, ही मालकाची हेर आहे."

"मग? होती का?"

"आई अजून म्हणते, होती!"

बाई मला आवडली. संशय मात्र सोडला नाही.

*

सावंतच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. कॅम्प बॉसने कायदा धाब्यावर बसवून त्याचा पासपोर्ट कपाटात ठेवलेला, आणि सुट्टी मागितली की त्याचं एकच, "बुकरा." उद्या! मॅडमना सांगावं तर सावंतला धास्ती. "बॉसच्या कानावर गेलं तर लग्न मोबाइलवर बघावं लागेल, काका."

मंगळवारी मी फ्रीझरमधली शुक्रवारची कोंबडी काढली. दुकानातून सफरचंदंही आणली.

मेस चिडीचूप! तेवढ्यात बॉस आला. ताटं बघितली, सफरचंदं बघितली, आणि चेहरा उतरला.

"आज कौन आ रहा है?"

"साब, आपको नहीं बताया?"

त्याने कोपऱ्यातल्या मॅडमकडे बघितलं. मॅडमनी सफरचंदाचा चावा घेतला आणि शांतपणे घड्याळ बघितलं. बॉस ऑफिसकडे पळाला!

जेवणं उरकायच्या आत सावंतच्या हातात पासपोर्ट, आणि मोबाइलवर सुट्टीला जाऊन परत यायच्या व्हिसाचा मेसेज.

सावंतने हळूच विचारलं, "काका, आज खरंच कोण येणार होतं?"

"बुकरा."

शुक्रवारी सगळ्यांनी गपगुमान डाळ खाल्ली. बॉससुद्धा आमच्यात येऊन बसला होता, दर घासाला दाराकडे बघत!