भातगिरणीतला बोटीचा बॉयलर

माझा आतेभाऊ म्हणजे गोडबोल्या माणूस. तंजावूरजवळच्या पापनाशमच्या पुढे त्याची उकड्या तांदळाची गिरणी होती आणि तिथला बॉयलर होता शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रवासी बोटीवरचा. बोट मोडीत निघाली तेव्हा त्याच्या आजोबांनी तो आणून बसवला. "अण्णा, जन्मभर बोटींची यंत्रं तपासलीस, आता घरचं एक तपास की," असं तो मी निवृत्त झाल्यापासून म्हणत होता. शेवटी नवरात्रात गेलो. मोपेडवरून, कालव्याच्या कडेकडेनं, कंबर मोडून घेत.

भट्टीत तूस घालायला एकच माणूस होता. तिशीचा फायरमन, तमिळ, हसरा. भट्टीचं तोंड आणि मागची भिंत यांच्यामध्ये त्याला जेमतेम वळता येत होतं. बॉयलर फुटला तर पहिला हाच जाणार, हे मला बघताक्षणी कळलं आणि तपासणी संपेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

बॉयलर थंड करून ठेवला होता. मी हातोडीनं पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकत निघालो. चांगला रिव्हेट खणकन वाजतो, सैल झालेला बद्द. खालचा जोड बघायला एकाच माणसापुरत्या फटीत पोटावर सरकलो. फायरमननं बाहेरूनच बॅटरी धरली. तर तिथं रिव्हेट दिसेचनात! दर आयुधपूजेला यंत्राला रंग द्यायचा, वर चंदन-कुंकू फासायचं, ही इथली रीत. इतक्या वर्षांचा तो थर बोटभर जाड झाला होता. मी छिन्नी लावली तसा आतेभाऊ बाहेरून कळवळला, "अय्यो अण्णा, पूजेची जागा ती!"

"पूजा गेली खड्ड्यात!" म्हणालो आणि खरवडलं. चंदनाखाली झिरपलेल्या पाण्याच्या क्षाराची पांढरी रेघ, आणि तिच्याखाली एका रिव्हेटपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत गेलेली चीर. चाकूचं पातं सहज आत गेलं. या पत्र्यासमोर तो माणूस रोज उभा राहत होता!

बाहेर आलो आणि आतेभावावर तोंड सोडलं. परक्यासमोर घरातलं काही बोलायचं तर ते मराठीत, ही आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांची पिढ्यानपिढ्यांची सवय. तोंडातून निघालं ते मराठीच. "ह्यात परत विस्तव घातलास तर माणूस मारशील. डागडुजी नको, वेल्डिंग नको, सरळ भंगारात काढ!"

तो गयावया करायला लागला. "विजयादशमीला तरी पेटवू दे रे. त्या दिवशी यंत्र चाललं नाही तर अख्खं वर्ष वाईट जातं. थोडीशी वाफ करू, एक शिट्टी वाजवू, झालं."

"वाफेला थोडी-जास्त कळत नाही, गाढवा! घे आईची शपथ."

त्यानं घेतली. फायरमन बॅटरी हातात धरून आळीपाळीनं आमच्याकडे बघत होता. मालकाला कुणीतरी झापतंय याची त्याला गंमत वाटत असावी. मग त्यानं माझ्यासाठी शहाळं फोडून आणलं. मी प्यालो, हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तंजावूरला परतलो.

विजयादशमीला सकाळीच आतेभावाचा फोन आला. जोड उसवला होता. उकळतं पाणी आणि वाफ भट्टीच्या तोंडातून बाहेर आली, आणि मागं भिंत. फायरमन तंजावूरच्या इस्पितळापर्यंतही पोचला नाही. आतेभाऊ त्या वेळी घरी नैवेद्य दाखवत होता; त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी फोनवर त्याला नाही नाही ते बोललो. "थोडीच वाफ केली होती रे अण्णा," एवढंच तो रडत रडत म्हणत राहिला. मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्या माणसाच्या घरी गेलो. नारळीच्या बागेमागं दोन खोल्या. त्याची बायको मला आणि आतेभावाला शिव्याशाप देईल अशी मनाची तयारी करूनच गेलो होतो. तिनं खुर्ची पुसून दिली. मी तमिळमध्ये म्हणालो, "मी मालकाला बजावलं होतं, पेटवू नकोस म्हणून."

तिनं विचारलं, "तुम्हीच ना ते बोटीवाले सार?"

मी मान हलवली.

"खालून पाणी झिरपतं म्हणून ते फार घाबरायचे, सार. रात्री दचकून उठायचे. तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी मात्र गाढ झोपले. मला म्हणाले, तंजावूरचे मोठे सार आले होते, सगळं ठोकून बघितलं, मालकाला काय काय समजावून सांगितलं, आणि जाताना हसून माझ्या पाठीवर थाप मारली. आता भिण्यासारखं काही नाही."