लोटन नानांची तपासणी

गेल्या वर्षी एप्रिलमधला दुसरा शनिवार. मागणीची रक्कम छत्तीस हजार आठशे. हजर: मी, माझी पत्नी मंगला आणि टायरवाले लोटन नाना. नशिराबादजवळ हायवेला लागून नानांचं दुकान होतं. मी तिथं टायर विकत घ्यायला नव्हे, चार टायर फुकट बदलून मागायला गेलो होतो.

नाना गिऱ्हाइकाशी आधी बोलतच नसत. उकिडवं बसून टायरवरून तळहात फिरवत, डोळे मिटत, आणि मग मालकाची कुंडली सांगत. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बोली अहिराणी. एकदा एका व्यापाऱ्याला बायकोदेखत म्हणाले, "शेठ, ही गाडी रोज एक पायरीले घासस. तुमना घरले पायरी शे का?" घराला पायरी नव्हती. शेठ घाईघाईनं हवेचे पैसे काढू लागले. बाई मात्र पुढचं ऐकायला थांबल्या.

जळगावातल्या एका सराफाचा मुलगा नवी फोर-बाय-फोर घेऊन आला. त्याला चिखलात चालणारे, मोठ्या दातांचे टायर हवे होते.

"चिखलमां कोठे जातस?" नानांनी विचारलं.

"जात नाही. गाडी भारी दिसते."

"मंग टायर ऱ्हाऊ द्या. पन्नास रुप्यामां दोन बादल्या चिखल मारी देस. तेवढीच भारी दिसी."

अशानं धंदा कसा होणार, असं मी एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, "टायर इकना सोपं शे. माणूस परत येवाले पाहिजे." गेल्या वर्षीच्याच दिवाळीत दुकान बंद करून ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. तोवर माणसं परत येतच होती. मीही त्यांतलाच, पण त्या शनिवारी भांडायला आलो होतो.

माझं गाऱ्हाणं लेखी होतं. शेतातली केळी काढायला मी जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेतली आणि नानांकडून स्टेपनीसह पाच नवे टायर बसवले. चौदा महिन्यांत, एकोणीस हजार किलोमीटरवर, चारही गुळगुळीत. हवा दर सोमवारी तपासलेली, वहीत नोंद. नानांनी वहीचं पान न् पान पाहिलं.

"वही बरोबर शे. टायर बी बरोबर शे."

"मग चूक कोणाची?"

"गाडीमां बठा. रोज चालवतस तशीच चालवा. स्टेरिंग पुरं फिरवा."

दुकानापुढच्या सिमेंटवर मी गोल घेतला. गाडी अडखळली, टायर करकरले, मंगलानं कानांवर हात ठेवले. नानांनी खिडकीतून आत डोकावून गिअरशेजारच्या दुसऱ्या दांडीकडे बोट केलं.

"ही दांडी कव्हयपासून वढेल शे?"

"घेतल्यापासून," मी म्हणालो. "चारही चाकांना ताकद मिळावी म्हणून सव्वा लाख जास्त मोजलेत. मग दोनच चाकं का चालवू?"

"घरमां रजई शे ना? मंग ती बी पैसा मोजीसनच लेल व्हई. एप्रिलमां पांघरतस का?"

मंगला हसायची थांबेना. नानांनी मला खळ्यातले बैल आठवायला सांगितले: बाहेरचा जास्त चालतो, आतला कमी. "दोन्हीस्ना पाय एकच दोरीमां बांधा, मंग काय व्हई?" दांडी ओढली की पुढची-मागची चाकं तशीच एका दोरीत बांधली जातात. चिखलात चाक घसरून ती दोरी सैल होते, कोरड्या डांबरावर टायर झिजतात.

"वळताना गाडी रडते, असं मी वर्षभर सांगतेय नाना," मंगला म्हणाली. "हे म्हणायचे, शेतातल्या रस्त्याचा आवाज आहे. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरच्या गल्लीत कुठलं आलं शेत?"

मी मागणीचा कागद घडी करून खिशात घातला आणि मागचे दोनच टायर मागितले. नानांनी शिंप्याची टेप काढून जुन्या टायरचा घेर मोजला, मग नव्याचा. फरक मला दाखवला. "पुढे धाकला, मांगे मोठा. पाऊसमां दांडी वढशात का परत तीच दोरी. चारी सारखाच पाहिजेत."

"म्हणजे चार घ्यायचे."

"तीन. चौथा तुमना गाडीखाले झोपेल शे."

स्टेपनी! एकदाही न लावलेली, त्याच मापाची, त्याच कंपनीची. हवेच्या नोंदीत दर सोमवारी तिची ओळ होती, पण मागणी मांडताना मी ती धरलीच नव्हती. आकड्यांत नानांनी मला हरवलं, हे टायर झिजण्यापेक्षा जास्त लागलं. जुन्यांपैकी बरा एक त्यांनी स्टेपनीच्या जागी टाकला.

"आता तपासणीना पाचशे," नाना म्हणाले. मी नोट पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. "माले नको. रोग ताईनी आधीच वळखा. मी फक्त गोल फिरवं."

अखेर दिले ते असे. लोटन नानांना तीन टायरांचे सत्तावीस हजार सहाशे, बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे नऊशे, जुन्या तीन टायरांचे सहाशे वजा, एकूण सत्तावीस हजार नऊशे. मंगलाला तपासणीचे पाचशे, रोख, नानांदेखत. तिनं नोट उजेडाला धरून खरी आहे ना ते पाहिलं, आणि मगच पर्समध्ये टाकली.