आमचा जॉर्ज

कॅनडात, मिल्टनला आम्ही रिटायर्ड मंडळी कॉफीला बसलो की किस्से शोव्हलने न उपसलेल्या बर्फासारखे साठत जातात. त्यातले निम्मे जॉर्जचे. जॉर्ज म्हणजे आमचा गजानन. हिवाळ्यात गेला. आता त्याच्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवतो.

*

ग्वेल्फला मातीच्या लॅबमध्ये तो लागला, तेव्हा बॉसला ‘गजानन’ काही जमेना. बॉस म्हणाला, “तू मातीत काम करतोस, जॉर्ज नाव घे. मूळ ग्रीक आहे. अर्थ शेतकरी.”

गजानन आम्हाला म्हणाला, “शेती सुटावी म्हणून शिकलो, एवढ्या लांब आलो, आणि यांनी पुन्हा शेतकरी केलं!”

*

आम्ही समजूत घातली. “अरे, राजांचं नाव आहे. इंग्लंडच्या गादीवर सहा जॉर्ज बसले, ग्रीसलाही दोन झाले. इंग्लंडचा शेवटचा तर मुळात अल्बर्ट. गादीवर बसताना जॉर्ज झाला.”

“म्हणजे माझ्यासारखाच. मला फक्त गादी मिळाली नाही.” मग म्हणाला, “पण त्याला घरी जुन्या नावाने हाक मारत असतील ना रे?”

आम्ही हसलो आणि विषय बदलला. आता वाईट वाटतं.

*

त्याची बायको, मालतीवहिनी, नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या. घरात कायम “अहो”. पण ग्रोसरीत तो दिसेनासा झाला की खणखणीत “जॉर्ज!”

मी एकदा म्हटलं, “वहिनी, नाव घेतलंत की!”

“ते यांचं नाव थोडंच आहे, भाऊजी?”

*

एकदा अकोल्याहून थोरल्या भावाचा फोन आला. “गजा आहे का?” नातवाने उचलला होता. “सॉरी, राँग नंबर,” म्हणून ठेवून दिला.

हा किस्सा गजानन स्वतःच रंगवून सांगायचा. पुढे तो भाऊ गेला. त्याला गजा म्हणणारं मग कोणी उरलं नाही. किस्साही त्याने पुन्हा सांगितला नाही.

*

पंचाहत्तरीला केक कापताना तो वहिनींना म्हणाला, “आज तरी उखाणा घे. एकदा नाव ऐकू दे.”

“इश्श, या वयात? पुढच्या वाढदिवसाला बघू,” वहिनी म्हणाल्या.

*

फ्युनरल होममधल्या तरुण माणसाने हळूच विचारलं, “मॅम, प्रार्थनेच्या वेळी नाव जॉर्जच सांगू ना?”

वहिनींनी मान हलवली. “नो. गजानन.”

“सॉरी, वन्स मोअर?”

“गजानन.”

“ग-जा-नन. बरोबर?”

“येस,” मीच म्हणालो. त्याला छान जमलं होतं.

वहिनी त्याच्याकडे बघतही नव्हत्या. “गजानन,” त्या म्हणाल्या. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, “गजानन.”